कार्ड, नग एक

मुकुंद शेवलीकरांना आयुष्यात पुष्कळांनी सुनावलं होतं. अंबडच्या जमीन मोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला ते चुकत नाही. बांधावर उभं राहून दोन्हीकडच्या भावकीनं एकाच वेळी सुनावलं होतं. पण स्वतःच्या घरात, स्वतः घेतलेल्या कॉम्प्युटरनं, शेजारच्या चार बायकांदेखत सुनावण्याची ही पहिलीच वेळ होती.

पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली होती. या यंत्रातलं ग्राफिक्स कार्ड या कामाच्या लायकीचं नाही, असा तिचा सरळ अर्थ होता. खाली 'ओके' लिहिलेलं एकच बटण. म्हणजे अपमान कबूल करण्यापलीकडे माणसाला दुसरी सोयच ठेवलेली नव्हती.

"लायकी?" मुकुंदराव म्हणाले. "तीन दुकानांची कोटेशनं मागवून, चार महिने विचार करून घेतलेला कॉम्प्युटर आहे हा!"

"नव्व्याण्णव साली," विमल म्हणाली. "आता दोन हजार चार चाललंय."

विमल त्यांची बायको. अठ्ठावीस वर्षं कुंभार पिंपळगावच्या शाळेत तिनं भूगोल शिकवला. रोजच्या बसच्या पायऱ्या चढून चढून गुडघ्यांनी जवाब दिला, तेव्हा मुदतीआधीच घरी बसली. पृथ्वीचा गोल फिरवून फिरवून झिजवला, पण स्वतः गेली ती तिरुपतीपर्यंत. आता तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायलाही काठी लागायची. पुण्यात नोकरी करणाऱ्या उमानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, आईचं मन रमावं म्हणून विमान चालवायच्या खेळाची एक सीडी आणून दिली होती. विमलनं औरंगाबादच्या विमानतळाबाहेर वीस-पंचवीस वेळा विमान पाडलं, मग एक दिवस ते उचललं, आणि तेव्हापासून ती खाली म्हणून उतरली नाही.

एकदा शेजारच्या पुष्पाबाई विरजण मागायला आल्या आणि नागपूरपर्यंत जाऊन आल्या. त्यांनी ते गल्लीत सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी शेवलीकरांच्या बैठकीत दोन रांगांत खुर्च्या लागायच्या, मध्ये जायला वाट सोडून. विमान सुटायची वेळ त्या दिवशीची वीज बघून ठरायची. सुटताना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या जायच्या. त्या वाटायचं काम मुकुंदरावांकडे होतं, आणि एका वर्ग तीनच्या ज्येष्ठ कर्मचाऱ्याला ते शोभतं का, याबद्दल त्यांच्या मनात शंका होती. पण विमल खूष असायची, म्हणून ते वाटायचे.

जुन्या सीडीत डोंगर म्हणजे समोसे होते आणि समुद्र म्हणजे निळा घोटीव कागद. उमानं आता नवी सीडी पाठवली होती. तिच्यात म्हणे खरी जमीन दिसत होती. शेतं, रस्ते, नद्या. बायका जेवणं आटपून, केस विंचरून आल्या होत्या. आणि ही चौकट.

"म्हंजे विमान रद्द का, बाई?" पुष्पाबाईंनी विचारलं.

विमलनं सीडी काढून डबीत ठेवली आणि डबीचं झाकण फारच हळू लावलं. मुकुंदरावांना ते झाकण लागलं.

"रद्द नाही," ते उभं राहून म्हणाले. "पुढच्या रविवारी विमान सुटेल. कार्ड मी आणतो."

बाजारात एक कार्ड घ्यायचं, त्यात काय एवढं, असं त्यांना वाटलं होतं. पण गावात 'कार्ड' या शब्दाचे जितके अर्थ आहेत तितके सगळे आधी त्यांच्या वाट्याला आले. सोमवारी रजेच्या अर्जावर त्यांनी प्रामाणिकपणे कारण लिहिलं, 'ग्राफिक्स कार्डाकरिता जालना येथे जाणे.' कचेरीचे प्रमुख श्रीपती साहेब चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "शेवलीकर, पिवळं का केशरी? रेशनकार्डाला जालन्याला कशाला जाता? तहसील समोर आहे." मुकुंदरावांनी दहा मिनिटं समजावून सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि अर्जावर शेरा मारला, 'रेशनकार्ड कामी दोन दिवस मंजूर.'

शेजारी पुष्पाबाईंचे यजमान धर्मराज. मूळचे अंतरवाली सराटीचे. शेती भावांकडे, आणि यांचं अंबडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पाण्यातल्या मोटारीपासून पिठाच्या चक्कीपर्यंत फिरणारी कोणतीही वस्तू ते दुरुस्त करीत, आणि न फिरणाऱ्या वस्तूंबद्दल सल्ला देत. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या मशीनला करंट कमी पडून राह्यला. खामखा कार्डाचा खर्चा कशाला? मी एक स्टॅबिलायझर लावून देतो, बघा विमान कसं घरघर उडतं का न्हाई."

"धर्मराज, ते विमान खोटं आहे. त्याला करंट वाढवून काय करणार?"

"मंग खोट्याला खरं कार्ड कशाला?" धर्मराज म्हणाले. या प्रश्नाचा राग मुकुंदरावांना जालन्यापर्यंत पुरला.

जालन्यात मामा चौकाच्या पलीकडे भुजंगचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. भुजंग चाळिशीचा, कानावर पेन. त्यानं मान वर न करता विचारलं, "एजीपी का पीसीआय?"

"ग्राफिक्स," मुकुंदराव म्हणाले.

"ते बराबर. स्लॉट कोणता? मदरबोर्ड कोणता? किती एक्स?"

कचेरीत समोरच्या खातेदाराला गट नंबर, हिस्सा नंबर आणि नकाशाची तारीख एका दमात विचारून गप्प करायची सवय मुकुंदरावांना होती. आपलंच शस्त्र आपल्यावर उलटलंय हे त्यांना कळलं आणि ते अधिकच चिडले.

"काका, डबाच घेऊन या," भुजंग म्हणाला. "उघडून बघितल्याबिगर काई सांगता येत न्हाई."

'काका' हा शब्दसुद्धा त्यांना आवडला नाही.

मंगळवारी त्यांनी कॉम्प्युटरचा डबा विमलच्या जुन्या लुगड्यात बांधला, मांडीवर घेतला आणि बसमध्ये खिडकीशी बसले. कंडक्टरनं गाठोड्याकडे बघितलं. "काय हाय?"

"कॉम्प्युटर."

"पुरा?"

"टीव्हीसारखा दिसतो तो भाग घरी आहे."

"मंग हे अर्धंच हाय," मागचा एक प्रवासी म्हणाला. "अर्धं तिकीट फाडा."

गाडीभर यावर चर्चा झाली. मांडीवर बसतं ते लेकरू, त्याला तिकीट नाही, असं एका म्हातारीचं मत पडलं. वजन दाखवा, असं दुसऱ्याचं. कंडक्टरनं सामानाच्या नियमांचं पुस्तक काढलं. त्यात रेडिओ होता, शिलाई मशीन होतं, कोंबड्यांची पाटी होती, पण हे नव्हतं. शेवटी त्यानं शिलाई मशीनचं तिकीट फाडलं. मुकुंदरावांनी ते निषेध म्हणून घडी न घालता खिशात ठेवलं.

भुजंगनं डबा उघडला आणि दोन पावलं मागे सरकला. आत पाच वर्षांची धूळ गादीसारखी पसरली होती. त्यानं ब्लोअर मारला. मुकुंदरावांचा शर्ट, भुवया आणि शेजारच्या हॉटेलातली भजी एका रंगाची झाली.

"एजीपी हाय," भुजंग म्हणाला. "पण जुनं. आजकालच्या कार्डाची खाच दुसऱ्या अंगाला येती. हे बघा." त्यानं एक नवंकोरं कार्ड खाचेवर धरलं. ते बोटभरानं चुकत होतं. "बिलकुल बसणार न्हाई. काका, नवीन मशीनच घ्या."

"एक खाच चुकली म्हणून सगळं नवं घेऊ? उद्या चपलेचा अंगठा तुटला तर पाय बदलू का?"

भुजंगला बहुधा हे आवडलं. त्यानं कानावरचं पेन काढलं. "असं खाचेचं कार्ड मी एकच विकल्तं. वडीगोद्रीच्या कडूबाला. त्याचं डिझाइनचं काम असतं. मागल्या दिवाळीला त्यानं नवं मशीन नेलं. जुनं असंल पडून. फोन करून बघा."

मुकुंदरावांनी तिथूनच फोन लावला.

"कडूबा का? कार्ड आहे का तुमच्याकडं?"

"हाय की! लग्नाचं, मुंजीचं, वास्तूचं, सगळं हाय. किती नग?"

"एकच."

"एकात कसं भागंल? पन्नासाच्या खाली छापत न्हाई आपण."

कडूबाचा धंदा लग्नपत्रिका छापायचा होता, हे भुजंगनं सांगितलं नव्हतं. बऱ्याच वेळानं उलगडा झाला. कडूबा मोकळेपणानं हसला आणि म्हणाला, ते जुनं कार्ड आहे, या, घेऊन जा.

गुरुवारी कचेरी सुटल्यावर मुकुंदराव वडीगोद्रीला गेले. हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाशेजारी कडूबाचं दुकान. समोर गणपतींचे पंचवीस नमुने टांगलेले. जुनं मशीन खताच्या रिकाम्या पोत्याखाली होतं. कार्ड निघालं. खाच बरोबर जागी होती. मुकुंदरावांनी ती खिशातल्या पट्टीनं मोजली, दोनदा.

"किती द्यायचे?"

"काय साहेब, तुमच्याकडून पैसे?" कडूबा चहा पुढे सरकवत म्हणाला. "आपला मोजणीचा अर्ज तुमच्याच टेबलावर हाय की. पूर्वेच्या बांधाचा. कवाचा पडून राह्यला. राहू द्या हो पैसे."

मुकुंदरावांचा हात चहाच्या कपाजवळ पोचला होता. तो तिथूनच परत आला.

"कडूबा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका चढला की टायरवालासुद्धा बाहेर आला, "एकतीस वर्षांत मी कुणाच्या बांधावर चहा प्यालो नाही. लोक उन्हात ताकाचा तांब्या घेऊन मागे यायचे, मी घरची बाटली प्यालो. आणि या एका कार्डासाठी..."

"मी तर ओळख म्हनून बोललो, साहेब," कडूबा घाबरून म्हणाला. "चहा तर टायरवाल्याचा हाय."

कार्ड तसंच टेबलावर ठेवून मुकुंदराव थांब्यापर्यंत चालत गेले. रागात माणूस भराभर चालतो. थांब्यावर मात्र गाडी नव्हती, आणि गाडी नसली की माणसाला विचार करावा लागतो. त्यांना डबीचं ते झाकण आठवलं. विमलनं आठवडाभरात कार्डाचा एक शब्द काढला नव्हता, पण बुधवारी तिनं खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या.

ते परत गेले.

"बाजारात जे पडेल ते घे," ते म्हणाले. "एक पैसा कमी नको. आणि पावती दे. तुझा अर्ज त्याच्या नंबरानंच लागेल, आधी नाही आणि नंतर नाही."

कडूबानं पैसे घेतले. पावती पुस्तक छापील होतं: 'लग्नपत्रिका, नग ____.' त्यानं रिकाम्या जागेत १ लिहिला.

"वरचं खोडून ग्राफिक्स लिही."

"छापील पावती हाय, साहेब. खाडाखोड केली तर बराबर दिसत न्हाई."

मुकुंदराव जन्मभर खाडाखोडीच्या विरुद्ध होते. खाडाखोड केलेला कागद त्यांनी कुणाचाच स्वीकारला नव्हता. त्यांना ते पटलं. पावती तशीच खिशात गेली. त्यांचा पुढचा सगळा छळ या एका तत्त्वनिष्ठेतून झाला.

कारण शुक्रवारी त्यांनी आणखी एक प्रामाणिकपणा केला. ज्याचं प्रकरण आपल्या टेबलावर आहे अशा माणसाकडून आपण वस्तू घेतली, हे वरिष्ठांना कळवलेलं बरं, म्हणून त्यांनी श्रीपती साहेबांना लेखी कळवलं, 'कडूबा यांचेकडून योग्य मोबदला देऊन कार्ड नग एक खरेदी केले असे. सोबत पावती.'

साहेबांनी पावती वाचली. मग पुन्हा वाचली. मग खुर्ची मागे सरकवली.

"उमाचं लग्न ठरलं?"

"नाही साहेब, ते..."

"एकच पत्रिका छापली. म्हणजे आम्हाला बोलावणं नाही. चांगलंय शेवलीकर. एकोणीस वर्षं एका छपराखाली बसलो."

मुकुंदरावांनी विमानापासून सगळं सांगायला सुरुवात केली. विमान ऐकल्यावर साहेबांचा चेहरा आणखी पडला. "जावई वैमानिक आहे? मग तर काय, कशाला आठवण राहील आमची."

संध्याकाळी पाचला मुकुंदराव कचेरीतून निघाले. बातमी साडेचारलाच निघाली होती. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं तिघांनी अभिनंदन केलं आणि दोघांनी केलं नाही. न करणाऱ्यांत धर्मराज होते.

शनिवारी कार्ड बसवायचं होतं. पुन्हा गाठोडं घेऊन शिलाई मशीनच्या तिकिटावर जायला मुकुंदराव तयार नव्हते, म्हणून त्यांनी धर्मराजला बोलावलं. धर्मराज आले, कारण पेचकस त्यांचा होता. पण ते मुकुंदरावांशी बोलेनात. कॉम्प्युटरशी बोलत होते.

"आपलं काय," त्यांनी डब्याचा स्क्रू काढत डब्याला सांगितलं. "आपण शेजारी. शेजाऱ्याला कोण सांगतंय? पोरीला मी खांद्यावर घेऊन सर्कस दाखवल्ती. आता लग्न हवेत ठरलं तर खालच्यांना काय कळणार."

"धर्मराज, शपथेवर सांगतो, हे बघ, हे कार्ड! हेच ते कार्ड!"

"छापून घेतलंय चांगलं," धर्मराज कार्ड उजेडात धरून कडवटपणे म्हणाले. "हिरवं. नक्षीबिक्षी हाय. नाव मातर कुठं दिसत न्हाई."

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून उमा होती. तिचा आवाज फारच गोड होता, आणि मुकुंदरावांच्या अनुभवात तो तसा असणं हे चांगलं लक्षण नव्हतं.

"बाबा, माझी काही हरकत नाही. फक्त मुलाचं नाव सांगाल का? मावशी दोन वेळा फोन करून विचारतेय, आणि मला काहीच सांगता येत नाहीये."

मुकुंदरावांनी फोन विमलच्या हातात दिला. विमलला आधी काही कळेना. मग कळलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता ती काठीसकट भिंतीला टेकली, डोळ्यांतून पाणी आलं, फोनवर उमा हसायला लागली, आणि मग धर्मराजच्या हातातला पेचकस थांबला.

"म्हंजे खरंच न्हाई?"

"नाही रे!"

"मंग कालपासून मी खामखा रुसून राह्यलो का?" धर्मराजना आता याचा राग आला. पण तो राग मोकळा होता. त्यांनी कार्ड खाचेत दाबलं आणि मशीन सुरू केलं.

मशीन तीनदा ओरडलं. पडदा काळा.

"बोललं," धर्मराज म्हणाले.

"काय बोललं?"

"न्हाई म्हनलं."

त्यांनी कार्ड काढलं, बसवलं, काढलं. दर वेळी तीन शिट्या. मुकुंदरावांनी भुजंगला फोन केला. भुजंग म्हणाला, कार्डाच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबरानं घासा. मुकुंदरावांना वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. जन्मभर कागदावर ज्या वस्तूला हात लावला नाही, ती वस्तू आता यंत्राला लावायची? पण विमल तिच्या शाळेच्या पेटीतलं खोडरबर घेऊन समोर उभी होती. ते घासत बसले. एकेक पट्टी, फार जपून. चौथ्या वेळी मशीन एकदाच हळू वाजलं आणि पडदा उजळला. धर्मराजनी मोटार सुरू झाल्यासारखी डब्यावर थाप मारली, आणि मुकुंदराव "मारू नकोस!" असं ओरडले.

रविवारी विमानाला इतकी गर्दी कधीच नव्हती. ज्यांना खुलासा पोचला होता ते विमान बघायला आले होते, ज्यांना नव्हता ते अभिनंदन करायला. पुष्पाबाई शुक्रवारीच आणून ठेवलेला खण-नारळ घेऊन आल्या होत्या. आणलाच आहे तर वाया कशाला घालवा, म्हणून तो त्यांनी कॉम्प्युटरपुढे ठेवला. श्रीपती साहेब पेढे घेऊन आले, प्रकरण समजल्यावर अवघडून उभे राहिले, आणि मग पहिल्या रांगेत बसले. मुकुंदरावांना स्वतःच्या घरात खुर्ची उरली नाही. त्यांनी गोळ्या वाटल्या आणि धान्याच्या कोठीला टेकून उभे राहिले.

विमान औरंगाबादहून उठलं. खाली जमीन होती. समोसे नव्हते, खरी जमीन, तांबूस, हिरवी, चौकटी चौकटीची, मध्ये रस्त्याची बारीक रेघ, आणि जमिनीवरून सरकणारी विमानाची सावली. विमलचा हात न हलता विमान वळवायच्या दांडीवर होता. तिनं एकदाच मागे वळून मुकुंदरावांकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघू लागली.

"हैदराबादला जातोय आपण," ती म्हणाली. "आता अंबड येईल."

सगळे पुढे झुकले. पुष्पाबाईंना अंतरवालीचं शेत बघायचं होतं, धर्मराजना दुकानाचं पत्र्याचं छप्पर. अंबड आलं.

तिथे तळं होतं. मोठं, निळं, काठोकाठ भरलेलं.

"हे काय?" मुकुंदराव कोठीपासून सुटून पुढे आले. "कुणी दाखवलं हे तळं? एकतीस वर्षं हा तालुका पायानं मोजलाय मी! इथं कचेरी आहे, तहसील आहे, आपण बसलोय इथं! सगळ्यांना पाण्याखाली घातलं! आणि पाणी? आपल्याकडं? टँकरनं येतं पाणी!"

"लेखी कळवायला पाहिजे," श्रीपती साहेबही उठून उभे राहिले. "सोबत नकाशा जोडा, शेवलीकर. मी सही करतो."

"बघू द्या ना हो," पुष्पाबाई मागून म्हणाल्या. "एवढं पानी अंबडात मी पैल्यांदा बघून राह्यले. किती चांगलं दिसतंय."

"चांगलं दिसतं म्हणून काय झालं? चूक ती चूक!"

"अहो," विमल शांतपणे म्हणाली, "विमानात उभं राहू नये. साहेब, तुम्हीही बसा."

आवाज वर्गातला होता. श्रीपती साहेब लगेच बसले. मुकुंदरावांसाठी त्यांनी स्वतःच्या खुर्चीत थोडी जागा केली, आणि ते दोघे एका खुर्चीत अर्धे अर्धे बसले. हैदराबाद आलं. धावपट्टी मोठी मोठी होत गेली, चाकं टेकली, आणि या वेळी पहिल्यांदाच कुणाला गचका बसला नाही. विमान थांबलं तरी कुणी उठलं नाही.

"उतरायचं का?" पुष्पाबाईंनी हळूच विचारलं.

"तळं चुकीचं आहे," मुकुंदराव म्हणाले.

"परत जाताना नीट बघू," विमल म्हणाली, आणि तिनं विमान वळवलं.